दोन नंबरचं टेबल

"उस्मानभाई, आज वीस लागतील. आणि कालच्यासारखे शिळे देऊ नका, दोन पांढरे पडले होते."

"वीस? सिस्टर, आज काय ईद आहे का?" उस्मानभाईंनी माझ्या हातातला स्टीलचा डबा घेतला. "दहा आत्ता न्या, दहा दुपारी देतो."

"वीस म्हणजे वीस. माझी पोरगी परीक्षेला बसलीय."

मटणाला आलेला एक पाहुणा माझ्याकडं डोळे फाडून बघत होता. पांढरी साडी, पांढरे बूट, हातात डबा, आणि बाई मागते काय, तर बकऱ्याचे डोळे! मी त्याला म्हटलं, "भाजी नाही करत हो. डॉक्टर लोकांना शिकायला लागतात." तरी तो दोन पावलं मागं सरकलाच.

मी सलोमी वाघमारे. आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण तेव्हा मी आमच्या ट्रस्टच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज होते. मिरजेपासून एसटीनं तासाभरावर. जत, सांगोला, मंगळवेढा, पार अथणीपासून पेशंट यायचे, आणि दिवसाला साठ मोतीबिंदू निघायचे. शिकाऊ डॉक्टरांचा हात आधी बकऱ्याच्या डोळ्यावर बसवायचा आणि मग माणसाच्या, ही आमची पद्धत. ते डोळे आणायचं काम मी कुणावर सोपवत नसे. ताजा डोळा ओळखायला अक्कल लागते, आणि ती सगळ्यांना असतेच असं नाही.

पोरगी म्हटलं ती म्हणजे डॉक्टर नीमा. टांझानियाची. तिथल्या मेडिकल कॉलेजात डोळ्यांच्या शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि कॉलेजनं तिला दहा आठवड्यांसाठी आमच्याकडं धाडली होती. उंच, सडसडीत, केसांच्या बारीक बारीक वेण्या, बोलणं हळू. पहिल्या दिवशी मला वाकून म्हणाली, "गुड मॉर्निंग, मामा." थिएटरात जो हशा पिकला, काही विचारू नका. तिच्याकडं आईच्या वयाच्या बाईला मामा म्हणतात, हे आम्हाला नंतर कळलं. मी म्हटलं, असू दे, एवढ्या वर्षांत बाकी सगळं म्हणून झालंय, आता मामा.

तिचं गाव एका मोठ्या तळ्याच्या काठी. जिल्ह्यात बारा लाख माणसं, आणि डोळ्याचं ऑपरेशन करणारा एकही डॉक्टर नाही. सरकारनं तिथं थिएटर बांधून ठेवलं होतं, आतमध्ये टेबल होतं, मायक्रोस्कोप होता आणि दाराला कुलूप होतं. नीमा परत जाऊन ते उघडणार होती. पण त्यासाठी तिच्या फॉर्मवर आमच्या शिरगुप्पे सरांनी एक ओळ लिहायला हवी होती, की ही स्वतंत्रपणे ऑपरेशन करू शकते. ती ओळ नसली तर तिची नेमणूक चष्म्याचे नंबर काढायला, आणि कुलूप होतं तसंच.

शिरगुप्पे सर म्हणजे काय माणूस! हात असा की बघत राहावं, आणि तोंड असं की समोरून पळून जावं. शिकायला आलेल्या प्रत्येकाला ते पहिल्या दिवशी तेच भाषण द्यायचे. "इथं दोन टेबलं. एकावर मी ऑपरेशन करतो तोवर दुसऱ्यावर पेशंट तयार. मायक्रोस्कोप फिरला की मी फिरलो. ट्रॉली उजवीकडं, सिस्टर उजवीकडं, सगळं उजव्या हाताचं. मागं एक डावखुरा आला होता, त्याला मी चौथ्या दिवशी परत पाठवला. एकासाठी मांडामांड बदलत बसलो तर साठ पेशंट बाहेर ताटकळतील."

नीमा खाली मान घालून ऐकत होती. मला वाटलं, लाजाळू आहे.

पण पोरीचा हात काही बसेना. पुस्तकातलं विचाराल ते पाठ. डोळा तपासायला बसली की आमच्या जुन्या डॉक्टरांना दिसलं नाही ते तिला दिसायचं. आणि टेबलावर बसली की हात जड. मोतीबिंदूच्या मागं एक पातळ पिशवी असते, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी. ती शाबूत ठेवायची आणि गाभा तेवढा बाहेर काढायचा, सगळी कला एवढ्यातच. दुसऱ्या आठवड्यात नीमाच्या हातून ती पिशवी फाटली. सरांनी हात घालून निभावून नेलं. सातव्या आठवड्यात पुन्हा फाटली.

मी तिला नको नको ते बोलले. खोटं कशाला सांगू? "अगं, तुला सुई धरता येत नाही आणि डोळे कापायला आलीस?" माझं इंग्रजी थिएटरपुरतंच, पण रागावायला पुरायचं. ती एवढंच म्हणाली, "सॉरी, मामा." तिनं उलट उत्तर दिलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मीही होते. "आजपासून पेशंट बंद," सर म्हणाले. "बकऱ्याच्या डोळ्यांवर सराव कर. शेवटच्या आठवड्यात तुला मी एक पेशंट देईन, एकच. शेजारी मी उभा राहीन. पिशवी शाबूत राहिली तर हाताखाली आणखी पेशंट देऊन बघेन आणि ओळ लिहीन. फाटली तर नाही. मी खोटी सही करत नाही. तुझ्या गावात तुझ्या शेजारी उभं राहायला कुणी नसणार, हे लक्षात ठेव."

त्यातलं एक अक्षरही चुकीचं नव्हतं, म्हणून तर वाईट वाटलं.

त्या दिवसापासून मी रोज उस्मानभाईंकडं डबा घेऊन जायला लागले. थिएटरच्या मागं औषधांची एक खोली होती, तिथं जुना मायक्रोस्कोप ठेवलेला. दुपारी लिस्ट संपली की नीमा तिथं बसायची. पहिले दोन दिवस मी शेजारी उभी राहून चुका काढल्या. हात थरथरतोय, खांदा वर जातोय, श्वास कोंडतेस कशाला. सगळं सांगून झालं, फरक शून्य.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे ज्या दिवशी मी वीस डोळे आणले त्याच दिवशी, मला स्टोअरमध्ये चादरी मोजायला जावं लागलं. परत आले तर दार अर्धं लोटलेलं होतं. आत नीमा पाठमोरी. मी हाक मारणार तोच माझं तिच्या हाताकडं लक्ष गेलं. पाती डाव्या हातात होती. आणि तो हात असा चालला होता की काय सांगू तुम्हाला! थरथर नाही, घाई नाही. पाती आत शिरली, वळली, बाहेर आली. असा हात मी सगळ्या नोकरीत दोघा-तिघांचाच पाहिला असेल. खांदा खाली, श्वास मोकळा. पोरगी तोंडातल्या तोंडात गाणं म्हणत होती.

मी दार वाजवलं. पाती खटकन उजव्या हातात गेली.

"नीमा, डाव्या हातात घे."

"नाही मामा, ते चुकून..."

"मी आंधळी नाही. घे."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "सर म्हणाले ना, डावखुऱ्याला परत पाठवतो. पहिल्याच दिवशी म्हणाले. मी इथून परत गेले तर दुसरीकडं कुठं जागा नव्हती." मग हळूच म्हणाली, "आमच्याकडंही तसंच आहे. आमच्या भाषेत उजव्याला खाण्याचा हात म्हणतात. डाव्यानं काही दिलं की आजी तो हात फडक्यानं पाठीशी बांधायची. मी लिहायला उजव्यानं शिकले, जेवायला शिकले. मला वाटलं, हेही शिकेन."

माझा डावा हात मी नकळत पदराखाली घेतला. का घेतला ते मी तिला सांगितलं नाही. तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं. मी फक्त म्हटलं, "दुसरा डोळा घे. पुन्हा कर. मी बघते."

तिनं त्या दुपारी सोळा डोळे केले. एकाचीही पिशवी फाटली नाही.

"आता सरांना सांगूया," ती म्हणाली.

"अजिबात नाही. सांगितलं की नाही म्हणतील, आणि एकदा नाही म्हटलं की तो माणूस देवाचंही ऐकत नाही. आधी करून दाखवायचं."

"पण ट्रॉली उजवीकडं असते. सगळं उलटं पडेल."

"ट्रॉली सरांची नाही, माझी आहे," मी म्हटलं. "कुठं लावायची ते मी ठरवते."

असं ताठ्यात बोलून गेले खरी, पण रात्री घरी गेल्यावर पासबुक काढून बघितलं. सरांच्या थिएटरात सरांना न विचारता मांडामांड बदलायची म्हणजे नोकरीशी खेळ. पण दुसऱ्या दिवसापासून आम्ही लागलो. दुपारी मी मागच्या खोलीत सगळं डावीकडं मांडायला लागले. हत्यारं बहुतेक दोन्ही हातांना चालणारी असतात, अडतं ते एका बारीक नळीपाशी. आतला गाळ धुऊन काढायची ती नळी एका बाजूला वळलेली असते. उलट्या बाजूला वळलेली एक कुणा देणगीदारानं कधीतरी पाठवलेल्या खोक्यात आली होती, आणि निरुपयोगी म्हणून माझ्याच कपाटात पडून होती. ती मी काढली, उकळली आणि नीमाच्या हातात दिली. तिनं ती डाव्या हाताच्या बोटांत फिरवून बघितली.

दहा दिवस आम्ही दोघींनी तालीम केली. ती डोळ्यावरची नजर न काढता हात पुढं करायची, आणि मी हव्या त्या क्षणी हवं ते तिच्या बोटांत ठेवायची. मधल्या वेळात ती माझ्याकडून मराठी शिकायची. खाली बघा. हलू नका. दुखतंय का? मी करू? पाठ करून करून वॉर्डात म्हाताऱ्यांना ऐकवायची आणि म्हातारे खूश व्हायचे.

ठरलेल्या दिवशी सरांनी तिला पेशंट दिला तो बाळगोंडा आण्णा. जतकडचे, सत्तरी ओलांडलेले, आवाज खणखणीत. दोन्ही डोळ्यांत पिकलेले, कडक मोतीबिंदू. सकाळी मी त्यांना समजावून सांगितलं की शिकायला आलेली परदेशी डॉक्टरीण ऑपरेशन करेल, मोठे डॉक्टर शेजारी उभे राहतील. आण्णा म्हणाले, "चालतंय की. हात हलका असला म्हंजे झालं." डावा-उजवा मी काही बोलले नाही. ती चूक माझी, आणि ती मला महागात पडणार होती.

सर एक नंबरच्या टेबलावर होते; शिकाऊ डॉक्टर असला की दोन नंबरला वेगळा मायक्रोस्कोप लावत असू. मी दोन नंबरच्या टेबलाची ट्रॉली डावीकडं लावली आणि स्वतः डावीकडं उभी राहिले. सरांनी मान वर न करताच सांगितलं, "सुरू कर, माझं हे होत आलंय, येतोच."

नीमानं सुरुवात केली. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून तिरकी वाट करायची असते, ती तिनं अशी केली की रक्ताचा थेंब दिसला नाही. कडक गाभा सोडवून पुढं आणला. आता फक्त तो बाहेर काढायचा होता, आणि पिशवी फाटते ती नेमकी इथंच. तिनं हात पुढं केला. मी चमच्यासारखं ते हत्यार तिच्या बोटांत ठेवलं. तेवढ्यात सर हातमोजे बदलून मागं येऊन उभे राहिले.

"सिस्टर! ही ट्रॉली इकडं कुणी लावली? ही बाई डाव्या हातानं ऑपरेशन करतेय?"

आमचे पेशंट जागे असतात. फक्त डोळा बधिर केलेला असतो, कान नाही.

"कोन डाव्या हातानं?" हिरव्या चादरीखालून आण्णा गरजले, आणि त्यांची मान हलली.

पण नीमाचा हात त्याआधीच बाहेर आला होता. सर मराठीत काय बोलले ते तिला कळलं नव्हतं, पण आण्णांच्या कपाळावर टेकलेल्या तिच्या करंगळीला मान हलणार हे कळलं होतं.

"मला उटवा!" आण्णा म्हणाले. "डाव्या हातानं आमी दारातल्या मानसाला पानी बी देत न्हाई, आन डोळा करून घिऊ? उटवा मला."

"नीमा, ऊठ," सर इंग्रजीत म्हणाले. "बाकीचं मी करतो."

झालं. सगळं संपलं. बारा लाख माणसं, कुलूप लावलेलं थिएटर, उस्मानभाईंचे शंभरावर डोळे, सगळं त्या एका शब्दावर संपत होतं. पण नीमा उठली नाही. तिनं सरांकडं पाहिलंही नाही. मला विचारलं, "मामा, आण्णा काय म्हणतायत?"

मी सांगितलं.

"मग त्यांना खरं ते सांग. माझा हात डावा आहे. या हातानं मला जमतं, दुसऱ्यानं नाही. सर हवे असतील तर मी आत्ता उठते. डोळा त्यांचा आहे."

मी आण्णांच्या कानापाशी वाकले. काय बोलायचं ते काही ठरवलेलं नव्हतं.

"आण्णा, मी सलोमी सिस्टर. डॉक्टरीण डावरी हाय, हे खरं हाय. सकाळी मी तुमास्नी सांगाय पायजे हुतं, माझं चुकलं. आता आणखी एक आयका. मी बी डावरीच हाय."

एक नंबरच्या टेबलावरची नर्स वळून बघायला लागली.

"जन्माची डावरी," मी म्हटलं. "सात वर्षांची असताना बोर्डिंगातल्या मेट्रननं माझ्या डाव्या हाताच्या बोटांवर रूळ मारला. रोज मारला. मग मी उजवी झाले. नोकरीला लागून सव्वीस वर्षं झाली, हितं कुनाला ठावं न्हाई. पर आज तुमच्या डोळ्याचं समदं सामान मी डाव्या हातानं दिलंय, आण्णा. सव्वीस वर्षांत पैल्यांदा. आन एक बी वस्तू हातातनं निसटली न्हाई."

सर माझ्याकडं बघत होते. मास्कच्या वर नुसते डोळे दिसतात, त्यांच्या मनात काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता.

"माझी धाकटी भन डावरी हुती," आण्णा हळू आवाजात म्हणाले. "आय तिचा हात खांबाला बांदायची. गाठ मला मारायला लावायची. लय रडायची ती." मग म्हणाले, "डॉक्टरीण काय म्हनतीय?"

मी नीमाकडं पाहिलं. तिला माझ्या तर्जुम्याची गरज लागली नाही. ती आण्णांच्या कानाजवळ वाकली आणि शिकवलेलं होतं तसं, शब्द सुटे करून म्हणाली, "आण्णा. मी करू?"

"कर बाई," आण्णा म्हणाले. "सावकाश कर."

मी सरांकडं पाहिलं. ते मायक्रोस्कोपच्या बाजूच्या, दुसऱ्यानं बघायच्या नळीला डोळा लावून उभे राहिले.

नीमानं डावा हात पुढं केला. मी माझ्या डाव्या हातानं हत्यार दिलं. गाभा बाहेर आला तो तपकिरी, गुळाच्या खड्याएवढा आणि तेवढाच टणक. एवढा कडक गाभा काढताना भल्याभल्यांना घाम फुटतो. मग तिनं ती उलट्या बाजूची नळी मागितली, आतला सगळा गाळ धुऊन काढला. लेन्स आत सरकवली, फिरवली, जागेवर बसवली.

"पिशवी?" सरांनी विचारलं.

"शाबूत आहे, सर."

"दिसतंय मला," सर म्हणाले. "दिसतंय."

अभिमान म्हणजे काय असतो ते मला त्या क्षणी कळलं, बघा. मास्कच्या आत माझं तोंड हसत होतं आणि डोळे गळत होते. हातात निर्जंतुक मोजे, म्हणून पुसायचीही सोय नव्हती.

आण्णांना वॉर्डात नेल्यावर सरांनी मला हात धुवायच्या जागेपाशी गाठलं. मला वाटलं, आता नोकरी गेली.

"सव्वीस वर्षं तुम्ही माझ्या उजवीकडं उभ्या होतात," ते म्हणाले.

"हो सर."

"मला कधी कळलं कसं नाही?"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत. आणि विचारलं असतंत तर मी नाहीच म्हटलं असतं."

सरांनी पुन्हा साबण घेतला. हात केव्हाच धुऊन झाले होते. मग म्हणाले, "तो चौथ्या दिवशी परत पाठवलेला मुलगा. त्याचं नाव आठवतं का तुम्हाला?"

"ऑफिसात असेल, सर."

"काढून ठेवा. मला त्याला पत्र लिहायचंय." आणि चालू लागले. चार पावलांवर थांबून, मागं न वळता म्हणाले, "उद्यापासून दोन नंबरचं टेबल डावं मांडा. तिच्या नावावर पाच पेशंट घाला. आणि प्रत्येक पेशंटला आधी सांगा, डॉक्टरीण डावखुरी आहे म्हणून. आजच्यासारखं मला ओरडायला लावू नका."

ओरडले कोण होते! पण मी गप्प बसले, माणसानं कधीतरी गप्पही बसावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णांची पट्टी नीमानंच सोडली. आण्णांनी डोळे मिचकावले, समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, त्यावरचा साखर कारखान्याचा पत्ता मोठ्यानं वाचून दाखवला. मग मान वळवून नीमाकडं नीट निरखून पाहिलं. "ही व्हय? लय लांबनं आली म्हनायची." आणि मला म्हणाले, "सिस्टर, हिला सांगा, दुसऱ्या डोळ्याला बी हीच पायजे. आनि माज्या भनीला घिऊन येतो पुडच्या म्हैन्यात, तिला बी दिसंना झालंय. तवर हिला जाऊ दिऊ नगासा."

जाणं तर भाग होतं. पण शेवटच्या सहा दिवसांत नीमानं दोन नंबरच्या टेबलावर एकतीस ऑपरेशनं केली. एकही पिशवी फाटली नाही. दोन पेशंटांनी डाव्या हाताला नकार दिला. त्यांना तिनं स्वतः हात जोडून एक नंबरच्या टेबलावर पाठवलं, आणि त्यातला एक डोळ्यात औषध घालून घेताना शेजारच्यांचं ऐकून परत तिच्याच टेबलावर आला. अजून किती सांगू? सांगायला बसले की संपत नाही.

निघायच्या दिवशी सकाळी साडेआठला सरांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. बाहेर साठ पेशंट बाकांवर बसलेले. टेबलावर तिच्या कॉलेजचा फॉर्म होता. सरांची सही होऊन गेली होती. त्यांनी तो फॉर्म नीमाकडं न देता माझ्यापुढं सरकवला.

"शिकवणाऱ्यांच्या दोन सह्या लागतात," ते म्हणाले. "दुसरी तुमची."

"सर, मी नर्स आहे."

"माहीत आहे मला. वाचा आणि सही करा."

मी चष्मा लावला. इंग्रजीत लिहिलं होतं, की डॉक्टर नीमा मोतीबिंदूचं ऑपरेशन स्वतंत्रपणे करू शकतात. त्याच्या खाली सरांनी आपल्या बारीक अक्षरात आणखी एक ओळ घातली होती, फॉर्ममध्ये कुणी न विचारलेली. त्या डाव्या हातानं ऑपरेशन करतात, त्यांचं टेबल तसंच मांडून द्यावं.

नीमा माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिनं ती ओळ वाचली आणि तोंडावर हात धरला. मी सही करायला उजव्या हातात पेन घेतलं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, ते डाव्या हातात घेतलं. कागदावर टेकवलं, पण अक्षर उमटेना. हत्यारं द्यायला तो हात दहा दिवसांत तयार झाला होता, पण लिहायला त्याला कुणी कधी शिकवलंच नव्हतं.

नीमानं कागद हलू नये म्हणून दोन बोटांनी दाबून धरला. मी 'स' काढला, 'लो' काढला, 'मी' काढला. पहिलीतल्या पोराच्या पाटीवर असतात तशी वाकडी अक्षरं. तीन अक्षरं लिहायला मला दोन मिनिटं लागली, आणि तोवर शिरगुप्पे सर उभे राहून वाट बघत होते.